सोलापूर-गोवा विमान : ५ पैकी साडेतीन स्टार, आणि दीड स्टार कुठं कापला त्याचं रामायण

आधी सरळ रिव्ह्यू देतो म्हणजे ज्यांना फक्त तिकीट काढायचंय ते इथूनच परत जातील. विमान चांगलं आहे, बसा. सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून उडतं, तासाभरात गोव्यातल्या मोपाला उतरतं. फ्लाय ९१ कंपनीचं एटीआर, म्हणजे पंखेवालं छोटं विमान, सत्तरेक सीट, दोन्हीकडं दोन-दोन, मधली सीट नावाचा प्रकारच नाही. मागच्या दारानं चढायचं. पंख वर असतात त्यामुळं खिडकीतून खालचं सगळं दिसतं, हा मोठा फायदा. वरचे कप्पे बारके आहेत, मोठी ट्रॉली बॅग आत कोंबायचा हट्ट करू नका. आवाज येतो, आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या "एसटीच्या मागच्या सीटवर बसल्यासारखं वाटतंय ओ", पण त्या एवढ्या खुशीत होत्या की तो आवाजसुद्धा त्यांना आवडला असणार.

आता ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी.

माझा टॉवेल-चादरीचा धंदा, पूर्व भागात, वडिलांपासूनचा. गोव्यात चार-पाच हॉटेलांना टॉवेल जातात आणि त्यातल्या दोघांकडून वसुलीला स्वतः जावं लागतं, फोनवर ते कायम मीटिंगमध्येच असतात. इतकी वर्षं रात्रभर बस, सकाळी तोंड धुवून हॉटेलवाल्यापुढं उभं राहायचं, आणि झोप न झालेला माणूस वसुलीला गेला की समोरचा निम्म्यातच गुंडाळतो हे मी अनुभवानं सांगतो. यंदा गणपती झाले, पितृपंधरवडा लागला, दुकानात तसंही गिऱ्हाईक कमी, म्हणलं चला, ज्याच्यासाठी दोनदा दिल्ली केली ते विमान एकदा बघून तरी येऊ.

हो, दोनदा दिल्ली केली. माझा काही राजकारणाशी संबंध नाही. असोसिएशनमध्ये आहे, हिंदी बरी बोलतो आणि स्वतःच्या पैशानं तिकीट काढायला तयार असतो, शिष्टमंडळात घ्यायला एवढी पात्रता पुरते.

सोलापूरच्या बाहेरच्यांना हे प्रकरण माहीत नसेल म्हणून थोडक्यात. विमानतळ आम्हाला नवीन नाही, होटगी रोडची धावपट्टी जुनीच, मंत्री यायचे जायचे, मध्यंतरी किंगफिशर येऊन गेलं, मग ठणठणगोपाळ. २०१६ च्या शेवटी केंद्रानं उडान योजना आणली. कल्पना अशी की लहान गावांच्या रूटवर कंपनीला जो तोटा होईल तो भरून द्यायचा, पैसा मोठ्या रूटवरच्या विमानांवर सेस लावून काढायचा, त्यात २० टक्के राज्यानं घालायचे, आणि निम्म्या सीटा तासाभराच्या प्रवासाला अडीच हजाराच्या आत विकायच्या. महाराष्ट्रातली पहिली पाच नावं नांदेड, नाशिक, जळगाव, कोल्हापूर आणि सोलापूर. नांदेडला २०१७ च्या एप्रिलमध्ये विमान उतरलं. नाशिक-जळगावला त्याच डिसेंबरात. कोल्हापूरला २०१८ मध्ये. आणि आम्हाला? ९ जून २०२५. आठ वर्षं. मधल्या काळात शेजारी गुलबर्ग्याला, म्हणजे आता कलबुर्गी म्हणायचं, २०१९ मध्ये विमानतळ चालू झाला आणि आमच्याच गावचे डॉक्टर, वकील गाडी करून दुसऱ्या राज्यात विमान पकडायला जायला लागले. ते दुखणं वेगळंच.

अडलं कशामुळं, तर चिमणीमुळं. सिद्धेश्वर साखर कारखान्याची को-जनरेशनची (म्हणजे उसाच्या चोथ्यावर वीज करायच्या प्रकल्पाची) उंच चिमणी विमानाच्या वाटेत येत होती. माझी भाची तेव्हा तिसरीत होती, घरात रोज चिमणी चिमणी ऐकून एक दिवस विचारते, मामा, एवढी चिमणी विमानाला कशी काय अडवते? आम्ही हसलो पण खरी गंमत पुढं आहे, कारण दुसरा पर्याय होता बोरामणीचा, मोठा नवा विमानतळ, जमीन घेतलेली, आणि तिथं वनजमिनीचा आणि माळढोकचा प्रश्न. म्हणजे एका विमानतळाला चिमणी आडवी आणि दुसऱ्याला माळढोक. सोलापूरचं विमान पक्ष्यांनीच अडवलं बघा.

पहिली दिल्ली २०१८ ची. कर्नाटक एक्स्प्रेसनं गेलो, सोलापूरवरून थेट जाते, पण एक अख्खा दिवस आणि वर काही तास गाडीतच. नऊ जण होतो. एक वकीलसाहेब, दोन डॉक्टर, चेंबरवाले, एक माजी नगरसेवक, एक निवृत्त प्राध्यापक ज्यांनी निवेदन लिहिलं होतं, आणि आम्ही कापडवाले. अधिवेशन चालू असताना गेलो, कारण तेव्हाच खासदार दिल्लीत हमखास सापडतात, एरवी ते मतदारसंघात असतात आणि मतदारसंघात शोधावं तर दिल्लीत असतात. निवेदनाच्या १४ प्रती, प्लास्टिकच्या फोल्डरात. प्रत्येक प्रतीबरोबर एक टॉवेल, आमच्याच मागावरचा, काठाला 'सोलापूर' विणलेलं. शेंगाचटणीची पाकिटं वेगळी. रिकाम्या हातानं दिल्लीत जायचं नाही असं आमच्याकडचे जुने लोक सांगत आले आहेत आणि ते बरोबरच आहे, टॉवेलानं काम होत नाही पण टॉवेलामुळं माणूस दोन मिनिटं जास्त बसू देतो.

निवेदनात मागण्या किती होत्या? अकरा. खरं तर निघालो होतो विमानासाठी. पण निवेदन फिरायला लागलं तसं ज्यानं त्यानं आपलं एक कलम घातलं. तुळजापूरची रेल्वे घाला, उजनीची समांतर पाइपलाइन घाला, टेक्सटाइलला सवलत घाला (हे आम्हीच घातलं, खोटं कशाला बोलू), रेल्वेचा जादा डबा घाला. विमान सातव्या नंबरावर गेलं. एका भवनात एका साहेबांपुढं बसलो, त्यांनी पान उलटलं, परत उलटलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "इसमें मेरा कौन सा है?" आम्ही सात नंबरवर बोट ठेवलं. त्यांनी पेन्सिलीनं गोल केला, बाकीच्या दहा मागण्यांवर बारीक तिरपी रेघ मारली, आणि म्हणाले आवक-जावकला देऊन जा. बास. फोटो झाला. तो फोटो दुसऱ्या दिवशी गावातल्या पेपरात आला, 'सकारात्मक चर्चा' असं लिहून. चर्चा चार मिनिटं झाली होती, त्यातलं एक मिनिट टॉवेलावर.

नंतर संध्याकाळी पहाडगंजच्या लॉजवर (नाव लिहीत नाही, गरम पाणी बादलीच्या हिशोबानं विकत होते एवढंच सांगतो) वकीलसाहेबांचे एक ओळखीचे आले, दिल्लीत सरकारी नोकरीत आयुष्य गेलेला मराठी माणूस. त्यांनी निवेदन वाचलं आणि असे हसले की प्राध्यापक नाराजच झाले. ते म्हणाले, अहो हे निवेदन नाही, ही किराणाची यादी आहे. एका खात्याला एकच मागणी, एकाच पानात, खाली तारीख. आणि फोटोपेक्षा डायरी नंबर, म्हणजे आवक नोंदीचा नंबर, घेऊन या, फाइल नंबराला हलते, फोटोला हलत नाही.

ते वाक्य मी दुकानात लिहून लावलं असतं पण बायको म्हणाली गिऱ्हाइकाला काय कळणार.

दुसरी दिल्ली २०२२ च्या डिसेंबरातली. तोपर्यंत गावात चिमणी पाडा म्हणून पूनम गेटला चक्री उपोषण झालेलं, आणि चिमणी वाचवा म्हणून कारखान्याच्या सभासदांचे, कामगारांचे मोर्चे झालेले. यावेळी पाचच जण गेलो. निवेदन एक पानाचं. मागणी एक. टॉवेल मात्र होतेच. आणि यावेळी काउंटरवरच्या बाबूनं जुनी फाइल काढून दाखवली, चांगला माणूस होता, नाव नको, त्याच्या नोकरीला लागायचं. फाइलीत आमच्या गावची दोन निवेदनं एकावर एक टाचलेली. एकात लिहिलेलं, चिमणी तात्काळ हटवावी. दुसऱ्यात लिहिलेलं, चिमणीला हात लावू नये, विमानतळ बोरामणीलाच करावा. आणि दोन्हीच्या खाली, अगदी सारख्या अक्षरात, 'समस्त सोलापूरकर'.

तो म्हणाला, "आप लोग पहले आपस में तय कर लीजिए, फिर आइए." आम्ही गप्प. वकीलसाहेब कधी गप्प बसत नाहीत, तेसुद्धा.

मला अजून वाटतं की आमचं विमान दिल्लीत जितकं अडलं त्यापेक्षा जास्त सात रस्ता ते होटगी रोड या अंतरात अडलं. लोक म्हणतात दिल्लीला सोलापूरची किंमत नाही. असेलही. पण केंद्रात गृहमंत्री आमच्या गावचे होते तेव्हाही नियमित विमान नव्हतं, मग २०१४, २०१९, २०२४ तिन्ही वेळा आम्ही नवीन खासदार निवडला, हे लोकशाहीला छान आहे पण दर वेळी पहिल्यापासून सांगायला लागतं, चिमणी कुठाय, बोरामणी कुठाय, नकाशा काढून. आणि २०२२ च्या मार्चपासून तर महापालिकेवर प्रशासक होता, महापौरच नव्हता. दिल्लीत कुणी विचारलं की शहराच्या वतीनं कोण बोलतंय, तर उत्तर काय द्यायचं? आम्ही पाच जण, एकाचं मेडिकल, एकाची वकिली, माझं टॉवेलचं दुकान. आमदार-खासदार आपापल्या परीनं बोलत होते, नाही म्हणत नाही, पण त्यांच्या मागं पक्ष असतो, त्यामुळं एकानं पुढं रेटलं की दुसरा गट आपोआप गार पडतो. महापौराच्या खुर्चीला निदान एक लेटरहेड असतं. आमच्या लेटरहेडवर टॉवेलाचं चित्र होतं.

मजा बघा, २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक खात्याचे राज्यमंत्री झाले ते मुरलीधर मोहोळ, पुण्याचे माजी महापौर. म्हणजे ज्या माणसानं महापौर म्हणून स्वतः लोहगाव विमानतळासाठी पाठपुरावा केला असणार, तोच आता टेबलाच्या पलीकडं. सोलापूरचं पहिलं विमान त्यांच्याच हस्ते सुटलं. आमच्यातले काही म्हणाले, बघा, शेवटी पुण्याच्याच माणसानं दिलं. मी म्हणलं पुण्याचा असू दे नाहीतर पाटण्याचा, शहराची मागणी म्हणजे काय हे महापौर राहिलेल्या माणसाला समजावून सांगायला लागत नाही, एवढा वेळ तर वाचला.

चिमणी १५ जून २०२३ ला पाडली. मेव्हण्यानं गच्चीवरून मोबाइलवर शूट केलं. काही सेकंदांत धुळीचा लोट, आणि मग आभाळात तिथं काहीच नाही. आमच्या गल्लीत पेढे वाटले. त्याच दिवशी माझ्या मामाच्या घरी चूल पेटली नाही असं मामी सांगते. मामा कारखान्याचे सभासद, आयुष्यभर ऊस तिथं घातला. मी दिल्लीला जाणाऱ्यांत होतो हे त्यांना पेपरातल्या फोटोवरून कळलं होतं. त्यांनी भांडण केलं नाही, फक्त म्हणाले, "तुमचं विमान आमच्या चिमणीवरून गेलं की रं." त्यावर मी काय बोलणार. कामगारांच्या, शेतकऱ्यांच्या बाजूनंही खरं होतं, ते मी तेव्हाही नाकारलं नाही, पण निवेदनाचं पान एकच होतं आणि त्यात मामाला जागा नव्हती.

आणि चिमणी पडली म्हणजे विमान आलं असं नाही. धावपट्टीची कामं, परवाने, सुरक्षेच्या तपासण्या. पंतप्रधानांनी ऑनलाइन उद्घाटन केलं २९ सप्टेंबर २०२४ ला. त्यानंतर आठ महिने विमानतळ तयार आणि विमान नाही. नवीन घर बांधून वास्तुशांत केली आणि राहायला कुणीच येईना तसं. कारण कंपनी कुठली येणार, कुठल्या रूटवर येणार, तोटा कोण भरणार हे वेगळं दळण असतं, उद्घाटनाच्या भाषणात ते येत नाही. शेवटी गोवा आला. खरं सांगायचं तर आम्ही मागितलं होतं मुंबई. निवेदनात मुंबई, बॅनरवर मुंबई, उपोषणात मुंबई. मिळालं गोवा. पोरगं इंजिनीअर व्हावं म्हणून नवस केला आणि ते गायक झालं, असं काहीसं. पण माझी वसुली गोव्यातच असल्यामुळं मला तक्रार करायचा हक्क नाही. मुंबईसाठी मग राज्य सरकारनं तूट भरून द्यायचं कबूल केलं आणि दिवाळीच्या तोंडावर ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टार एअरचं विमान चालू झालं. त्यात मी अजून बसलो नाही, बसलो की त्याचाही लिहीन.

तर प्रवासाचा दिवस. रिक्षावाल्याला म्हणलं विमानतळ, तो म्हणला, "होटगी रोडला कुणाकडं?" अजून लोकांच्या तोंडात बसलं नाही. टर्मिनल लहान आहे, स्वच्छ आहे, मोठ्या विमानतळासारखी दोन किलोमीटरची पायपीट नाही, दारातून आत गेलो की सगळं नजरेत. निम्मे लोक फोटो काढत होते, त्यात मीही होतो. माझ्या पुढं एक आजी, पहिल्यांदाच विमानात, गोव्याला लेकीकडं निघालेल्या. त्यांच्या पिशवीत कडक भाकरीची चळत, फडक्यात बांधलेली. मशीनमध्ये ती गोल गोल चकत्यांची थप्पी दिसली असणार, सुरक्षेवाला जवान उत्तरेकडचा, त्यानं पिशवी बाजूला घेऊन विचारलं ये क्या है माताजी. आजींनी फडकं सोडलं, एक भाकरी काढली, काडकन मोडली आणि अर्धी त्याच्या हातात दिली. लाइनीतले सगळे हसले. त्यानं नियमात बसत नाही म्हणून खाल्ली नाही, पण पिशवी स्वतः बांधून दिली. शेंगाचटणी कोरडी होती, तीही सुटली. त्या आजींकडं बघून मला पहिल्यांदा वाटलं की त्या चौदा टॉवेलांचं काहीतरी झालं.

उड्डाण वेळेत झालं माझ्या दिवशी. धावपट्टी सोडल्यावर मी डावीकडून, उजवीकडून, मान मोडेपर्यंत बघत होतो की चिमणी कुठं होती. कारखाना दिसला असं वाटतं, खात्री नाही, खालून ओळखीच्या वाटणाऱ्या जागा वरून ओळखू येत नाहीत. नंतर हिरवी-तपकिरी शेतं, मग ढग, ढगांतून सह्याद्री मध्येच डोकं वर काढतो, मग एकदम लाल माती आणि माड. पावसाळा संपत असताना गेलात तर खिडकीच घ्या, दोन पैसे जास्त पडले तरी.

मोपाला उतरल्यावर खरा खर्च सुरू होतो. विमानतळ गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडण्यात, आणि माझी हॉटेलं मडगावच्या बाजूला. एका टॅक्सीवाल्यानं जो आकडा सांगितला तो ऐकून मला वाटलं तो टॅक्सी विकतोय. बसची चौकशी आधी करून ठेवा, बस मिळाली की बरीच बचत होते. मी परत येताना तेच केलं.

आता दीड स्टार. अर्धा स्टार कापला कारण विमान रोज नाही, वार बघून काम ठरवायला लागतं, आणि वसुलीवाला माणूस कॅलेंडरवर चालत नाही. गोव्यातल्या त्या हॉटेलवाल्यानं 'परवा या' म्हणलं तर माझा परवा म्हणजे कुठला वार ते विमानाला विचारायला लागतं. एक पूर्ण स्टार कापला त्या आठ वर्षांसाठी. हा कंपनीचा दोष नाही, विमानतळाचाही नाही, मला माहितीय, पण कुठंतरी कापल्याशिवाय मला झोप लागणार नाही. त्यातला अर्धा दिल्लीचा समजा आणि अर्धा 'समस्त सोलापूरकरां'चा, त्यात मीही आलो.

भाडं लिहीत नाही कारण रोज बदलतं, माझं आणि शेजारच्या सीटचंही वेगळं होतं, तारीख पुढची घेतली तर स्वस्त पडतं. वसुली? एकानं पूर्ण दिली, दुसऱ्यानं चेक दिलाय, बघू.

परत आल्यावर मामांचा फोन. दोन वर्षांत विमानाचा विषय त्यांनी काढला नव्हता. म्हणाले, गेलतास म्हणं. म्हणलं हो. कसं होतं? म्हणलं बरं होतं, शेतं सगळी दिसली वरून. मग जरा थांबून, तिकीट केवढ्याला पडलं? मी आकडा सांगितला. पलीकडं हिशोब चाललेला मला ऐकू येत होता.

"म्हणजे दीड टन ऊस," मामा म्हणाले. "जाताना का येऊन-जाऊन?"